टिपणीसकाकू ट्रॅममध्ये बसतात

टिपणीसकाकू लग्न होऊन मिशिगनला आल्या त्या एक्काहत्तर साली, आणि तेव्हापासून जिथे जिथे गेल्या तिथे कुणाच्या तरी शेजारच्या सीटवर बसून गेल्या. तिथल्या आमच्या नोव्हाय गावात गाडी चालवता येत नाही म्हणजे पायच नाहीत असं समजायचं. दूध संपलं तरी राइड लागते, देव आठवला तरी राइड लागते. आणि ही वेळ यावी कुणाच्या बायकोवर? तर हेमचंद्र टिपणीसांच्या, ज्यांनी उभा जन्म गाड्यांचे गिअरबॉक्स बनवण्यात घालवला!

काका त्यांना शिकवायला बसले होते एकदा. कितीतरी रविवार त्यांनी ट्रान्समिशनच्या आकृत्या काढून समजावल्या, किल्लीला मात्र हात लावू दिला नाही. मग काकू परीक्षेला गेल्या आणि परीक्षकाच्या डोळ्यांदेखत कुणा भल्या माणसाची टपालपेटी आडवी करून आल्या. काका म्हणाले, "जाऊ दे. तुला कुठे जायचं ते सांग, मी सोडतो." या वाक्याला काकू बरीच वर्षं प्रेम समजत होत्या. मला विचाराल तर ती जन्मठेप होती, फक्त सीटबेल्ट लावून.

काका दिवसभर ऑफिसात, त्यामुळे प्रत्यक्षात सोडायचो आम्ही मराठी मंडळातल्या बायका. त्यातही मी, कारण माझं घर त्यांच्या मागच्याच रस्त्यावर. काकूंनी फुकट राइड कधी घेतली नाही. गाडीत बसल्या की पट्टा लावायच्या आधी डबा पुढे यायचा. बेसनाचे लाडू, कडबोळी, करंज्या. "असू दे गं, तेवढंच." काकूंच्या दातांच्या ट्रीटमेंटसाठी मी वर्षभर ने-आण केली आणि माझ्या सगळ्या जीन्स बाद झाल्या.

दोन हजार सहा साली काका रिटायर झाले आणि त्यांनी दूर दक्षिणेत, कॅरी नावाच्या गावी घर पसंत केलं. तिथे त्यांचे कॉलेजातले मित्र होते, गोल्फ होतं, आणि घराला तीन गाड्यांचं गराज होतं. एकुलता एक निहार सिंगापूरला, तेव्हा मुलाजवळ राहण्याचाही प्रश्न नव्हता. काकूंनी एवढंच विचारलं, "तिथून दुकान किती लांब?"

"दहा मिनिटं."

"चालत?"

काका इतके हसले की चहा सांडला. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे ते दोघं, मी आणि माझा नवरा गिरीश, स्पेनला जाणार होतो. तिथून आलं की बिल्डरला होकार कळवायचा, असं काकांनी जाहीर केलं.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "सुमेधा, इथे निदान तू आहेस. तिथे या वयात परत कुणाकुणाच्या दारात डबे घेऊन उभी राहू?" आणि रडायला लागल्या. त्यांना असं रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला काही सुचेना, म्हणून मी समोरच्या निरपराध माणसाला हॉर्न मारला.

मायोर्का हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. तिथे काकांना भाड्याने हाताने गिअर टाकायची गाडी मिळाली आणि ते पंचवीस वर्षांचे झाले. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने समुद्रावर उतरायचा बेत गिरीशने आणि त्यांनी आखला. काकूंना घाटात गाडी लागते. म्हणून आम्ही दोघी सोयेर नावाच्या गावातून ट्रॅमने जायचं आणि खाली बंदरावर सगळ्यांनी भेटायचं ठरलं. "त्या खेळण्यातून जा," काका म्हणाले.

ट्रॅम होती पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. लाकडी डबे, लाकडी बाकं, बाजू उघड्या, आणि पुढे पितळी दांडा फिरवणारा पोटसुटा ड्रायव्हर. ती लोकांच्या परसातून निघाली. हात बाहेर काढला तर लिंबं हाताला लागतील आणि दोरीवरचे पायजमे तोंडावर येतील, इतक्या जवळून. तिकिटं देणारा आमच्यापाशी आला. काकूंनी सवयीने पर्समधून डबा काढला आणि त्याच्या हातात लाडू ठेवला.

त्याने लाडू खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. मग मिशा पुसल्या आणि भाड्यासाठी पुन्हा हात पुढे केला.

मला हसू आवरेना. मी पैसे दिले, तो पुढच्या बाकाकडे गेला. काकू मात्र गंभीर. "म्हणजे पैसे दिले की संपलं?"

"संपलं."

"आणि उद्या आपण त्याला ओळखही नाही दाखवली तर?"

"तरी नेईल."

काकूंनी डब्याचं झाकण लावून तो पर्समध्ये टाकला. तेवढ्यात ट्रॅम वळली आणि एकदम समुद्र. गोल, निळा, दोन्ही बाजूंनी डोंगरांनी कवेत घेतलेला, आणि आमचे रूळ थेट वाळूच्या कडेकडेने गेलेले. शेवटच्या थांब्यावर मी उतरले. काकू बसूनच होत्या.

"तू थांब इथे. मी जाऊन परत येते."

"कुठे जायचंय तुम्हाला?"

"कुठेच नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "कुठेच जायचं नाहीये गं मला!"

ट्रॅम गेली. मी किनाऱ्यावर बसून काळजी करत राहिले. बऱ्याच वेळाने ती आली, तर काकू कडेच्या बाकावर, स्वेटर काढून, निवडून आलेल्या आमदारासारखा हात हलवत. उतरल्या नाहीत. पुन्हा गेल्या.

तोवर काका येऊन पोचले. पार्किंगसाठी घिरट्या घालून त्यांचं डोकं फिरलं होतं. जागा दिसली तिथे गाडी घुसवून ते तरातरा माझ्याकडे आले.

"वसुधा कुठाय?"

"ट्रॅममध्ये."

"एकटी? अगं, हरवेल ती!"

"रुळांवरून कुठे हरवणार, काका?"

तेवढ्यात जोरजोरात घंटा वाजायला लागली. काकांच्या गाडीचं नाक रुळांवर होतं आणि समोर ट्रॅम येऊन थांबली होती. काका धावत जाऊन गाडीत बसले, पण त्यांना रिव्हर्स गिअर सापडेना. दांड्याखाली एक कडं असतं, ते वर ओढावं लागतं. ज्या माणसाने लाखो गाड्यांना मागे जायला शिकवलं, तो घामाघूम होऊन दांडा हलवत होता आणि सगळा किनारा आइस्क्रीम खात बघत होता. गिरीशने तर फोटो काढला.

ट्रॅममधून काकू वाकल्या. "अहो, बाजूला व्हा. आम्हाला पुढे जायचंय."

काकांनी वर बघितलं.

"आणि कॅरीला मी येणार नाहीये. तुम्ही जा हवं तर. मी अशा गावात राहीन, जिथे हे असं काहीतरी दारावरून जातं."

एकदाची गाडी मागे गेली. ट्रॅम निघाली. काका स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. त्या क्षणी मला त्यांची दया आली, हेही सांगून टाकते.

नोव्हायला परतल्यावर दोन महिने काकांनी तोंड फुगवलं. "मग राहा एकटी," असंही म्हणून पाहिलं. काकू म्हणाल्या, "राहीन." नुसतं म्हटलं नाही, भांड्यांची वाटणी करायला बसल्या. कुकरवर दोघांचा जीव. बहुधा तो काकूंच्या वाटणीत गेलेला बघून काका नरमले.

आता ते सॅन फ्रान्सिस्कोला असतात. तिथे देशोदेशीच्या जुन्या ट्रॅम खाडीच्या कडेने धावतात. भाड्याचा छोटा फ्लॅट आहे, गराज नाही. मला इथे ओकंबोकं वाटतं. रविवारी मी फोन करते. परवा केला तर काकू ट्रॅममध्येच होत्या.

"काका काय म्हणतायत?"

"ते स्टॉपवर राहिले. खाली उभे राहून ड्रायव्हरला ब्रेकबद्दल काहीतरी शिकवत होते. त्याने दार लावलं आणि निघाला."

"अय्या! मग तुम्ही उतरला नाहीत?"

"मी कशाला उतरू? मागून दुसरी येतेय की."