झेड ड्राइव्हमधली याडी

सेनगावच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणारी, बंजारा तांड्यावरची शिला तशी कुणाच्या बापाला न भिणारी. तिचा लॅपटॉप इतका म्हातारा की विंडोज टाकलं की धापा टाकायचा. म्हणून तिनं त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टीम बसवली, आणि वाइन नावाच्या सॉफ्टवेअरच्या जोरावर विंडोजचा ट्रकचा गेमही पळवून दाखवला. हे वाइन गेमपुढं विंडोजचं सोंग आणतं. शिला सगळ्यांना ठासून सांगायची, "त्या सोंगात काय बी मोडा, खऱ्या मशीनला तकलीफ न्हाई." हा अतिशहाणपणाच तिला नडला.

त्या दुपारी गेमनं अपडेट मागितलं आणि जागा पुरेना. वाइनच्या खिडकीत तिला झेड नावाचा ड्राइव्ह दिसला. त्यात तिच्याच सगळ्या फाइली! सोंगातल्या नकला उगं जागा खाऊन राहिल्या, असं म्हणत तिनं 'याडी' नावाचा जड फोल्डर कायमचा पुसला. अपडेट धडाधड उतरू लागलं.

सहज म्हणून तिनं लिनक्समधला खरा फोल्डर बघितला, तर तोही गायब. झेड ही नक्कल नव्हतीच, ते खऱ्या मशीनचंच दार होतं. त्या फोल्डरमध्ये तिच्या वारलेल्या याडीनं, म्हणजे आईनं, जिवनबाईनं गायलेला ढावलो रेकॉर्ड केलेला होता. तांड्यातली नवरी माहेरच्यांच्या गळ्यात पडून रडत गाते, तो. धाकट्या बहिणीचं, मिनाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि ती त्यावरूनच शिकत होती.

आणि अपडेट याडीच्याच रिकाम्या झालेल्या जागेवर बसत होतं! शिलानं वायर उपटली. बॅटरी कधीच मेलेली, पडदा काळा झाला. पुसलेलं परत काढायचा प्रोग्राम तिनं पेनड्राइव्हवरून चालवला. फाइल सापडली. पण आत नुसती खरखर.

तिनं मिनाला सगळं सांगितलं. मिना भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं रेकॉर्डिंग लावून फोन पुढं केला. "मला येतंय तेवढं तर धरून ठेव, अक्का."

ती गाऊ लागली. सुरुवात हुबेहूब याडीच्या वळणाची. मग मिना अडली.

"पुढं काय म्हनायची याडी?"

शिलाला आठवेना. लॅपटॉपमध्ये आहे म्हणून तिनं ते कधी ध्यानात ठेवलंच नव्हतं.