शेवटचा तुकडा उचलणारी बाई

आर्डिस ट्वीटन रोज सकाळी उठली की आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायची, काचेवरची वाफ मनगटाने पुसायची आणि बाहेर टांगलेल्या तापमापकातला आकडा मोठ्याने म्हणायची. घरात ऐकायला एक मांजर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी मिनियापोलिसला होती. तरी ती म्हणायचीच, "शून्याखाली सहा." मग फोन उचलून तोच आकडा रस्त्यापलीकडच्या एल्व्हेराला सांगायची. एल्व्हेराचा तापमापक नेहमी दोन अंश वेगळं बोलायचा.

"तुझा भिंतीला चिकटून बसलाय, त्याला घरातली ऊब लागते," एल्व्हेरा म्हणायची.

"आणि तुझा तुझ्यावर गेलाय. कोणी काही म्हटलं की उलटं बोलायचं."

एवढं भांडण झालं की दोघींचा दिवस सुरू व्हायचा.

आमच्या नॉर्डाल गावात या दोघींना वेगळं करून कोणी बोलत नसे. दर नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात माशांची जेवणावळ असते. माशाच्या वासाने नाक मुरडत का होईना, आजूबाजूच्या गावांतून लोक येतात, ते खरं तर लेफ्साच्या ओढीने. लेफ्सा म्हणजे बटाट्याची मोठी, पातळ पोळी. लोणी आणि साखर लावून गुंडाळायची. ते एकटीचं काम नव्हे. एकीने लाटायचं, दुसरीने लांब पट्टीवर अलगद उचलून तव्यावर टाकायचं, उलटायचं, काढायचं. आर्डिस लाटायची, एल्व्हेरा भाजायची. आर्डिसच्या पोळीतून पलीकडचा माणूस दिसतो, असं आमच्याकडे म्हणत. आणि एल्व्हेराच्या तव्यावरची पोळी कधी करपली नाही, हे ती स्वतःच सांगत असे.

त्या वर्षीच्या वसंतात हार्लन ब्रेक्के त्याच्या बटाट्याच्या गोदामात मेलेला सापडला. डोक्यावर घाव होता आणि शेजारी ड्युएन किटलसनचा पाना पडला होता. ड्युएन त्याच्याकडे कामाला होता आणि आदल्याच आठवड्यात दोघांचं चारचौघांत वाजलं होतं. एका बाजूचं म्हणणं, आणखी काय पुरावा हवा? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ड्युएन तो पाना कुठेही विसरतो, एकदा तर चर्चच्या बाकावर सापडला होता. एल्व्हेरा या दुसऱ्या बाजूची, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची. ड्युएनने तिचं छप्पर दुरुस्त करताना चिमणीचं घरटं आधी उचलून झाडावर नेऊन ठेवलं होतं. "घरटं हलवताना ज्याचा हात थरथरतो, तो माणसाच्या डोक्यात पाना घालेल?" हे तिने गावातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं.

ऑक्टोबरात खटला उभा राहिला. ज्यूरीच्या बारा जणांत आर्डिसचं नाव निघालं.

खटला चालू असेपर्यंत बाहेर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं न्यायाधीशांनी बजावलं होतं. सकाळचा फोन मात्र चालू राहिला. आर्डिस आकडा सांगायची, एल्व्हेरा आपला सांगायची, आणि मग हळूच, "बरं, एवढंच सांग, पोरगा वाळलाय का?"

"आज वारा उत्तरेचा आहे," आर्डिस म्हणायची आणि फोन ठेवायची.

ज्यूरी विचाराला बसली ती बाहेर येईचना. बीटच्या काढणीचे दिवस. एरवी या दिवसांत आमच्याकडे माणूस बाळाच्या बारशालाही थांबत नाही. तरी कोर्टासमोरच्या हिरवळीपाशी ट्रक हळू व्हायचे, चालक काच खाली करून विचारायचे, "काही?" पायरीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी मान हलवायचं, आणि ट्रक पुढे जायचा.

शेवटी ज्यूरीने कळवलं की एकमत होत नाही आणि होणारही नाही. न्यायाधीशांनी ज्यूरीचा म्होरक्या ऑर्व्हिल सँडव्हिक याला उभं केलं. ऑर्व्हिल दूधडेअरीचा माणूस, भर कोर्टात बोलायचं म्हणून कानापर्यंत लाल झालेला. न्यायाधीश म्हणाले, कोण कोणत्या बाजूला ते सांगू नका, फक्त मतं कशी विभागली गेली ते सांगा.

"अकरा आणि एक, साहेब."

झालं. खटला रद्द झाला, पुन्हा चालवायचा ठरला, ड्युएन जामिनावर सुटला. आणि नॉर्डालला असा विषय मिळाला की त्यापुढे बीटचा भावही कोणी विचारेना. कॅफेत दोन तट पडले. खिडकीकडची टेबलं दोषीवाल्यांची, काउंटरजवळची स्टुलं निर्दोषवाल्यांची. निर्दोषवाले म्हणत, अकरा शहाणे निघाले आणि एक गाढव. दोषीवालेही अगदी हेच म्हणत. वाढणारी मुलगी दोन्हीकडे कॉफी ओतताना "अगदी खरं" म्हणायची आणि त्या आठवड्यात तिला टिप बरी मिळाली.

बारा जणांनी मात्र कोर्टातून निघण्याआधी आपसांत ठरवलं होतं की आतलं बाहेर न्यायचं नाही. आमच्याकडे कोणी कोणाला तोंडावर काही विचारत नाही. विचारायचं असेल तर हॉटडिश घेऊन जायचं. खिमा, शेंगा, वर बटाट्याचा थर, असं भट्टीतून काढलेलं गरम भांडं. ते टेबलावर ठेवायचं, कॉफीला दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हो म्हणायचं, आणि वाट बघायची. आर्डिसकडे दोन्ही तटांची भांडी यायला लागली. ती सगळ्यांना कॉफी पाजायची आणि पाऱ्याबद्दल बोलायची. लोक गारठ्याची इत्थंभूत माहिती घेऊन परत जायचे. भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, म्हणून ती प्रत्येकात दुसऱ्या कोणी आणलेलं काहीतरी घालून द्यायची. परिणामी निर्दोषवाल्यांची शेपूची लोणची दोषीवाल्यांच्या घरी आणि त्यांचे बिस्किटांचे डबे यांच्या घरी जाऊन पोचले.

मग तो रविवार आला. प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी होती आणि ताटलीत लिंबाच्या वड्या. वड्या संपत आल्या, एक उरली. आता आमच्याकडे शेवटचा तुकडा कोणी घ्यायचा नसतो. त्याचा अर्धा घ्यायचा, पुढच्याने त्या अर्ध्याचा अर्धा, असं करत ताटलीत चिमणीपुरता चुरा राहतो आणि तो धुणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो. आर्डिस खिडकीबाहेर बघत उभी होती. तिचा हात ताटलीकडे गेला, तिने ती अख्खी वडी उचलली आणि खाल्ली.

तळघरात कप बशीवर ठेवल्याचेही आवाज थांबले.

दुपार कलायच्या आत गावाचा निकाल लागला. अकरा जणांसमोर एकटी उभी राहणारी बाई दुसरी कोण असणार?

"अहो, लिंबाच्या वडीवरून काहीही काय ठरवता!" ऑर्व्हिल कळवळून म्हणाला.

"म्हणजे ती नव्हती म्हणतोस?"

"मी काहीच म्हणत नाही."

"बघा! नाही म्हणत नाहीये!"

ती एकटी कोणत्या बाजूला होती हे मात्र वडीवरून कळेना. त्यामुळे अर्धं गाव तिच्याकडे बघून टोपी काढू लागलं, अर्धं तिला पाहून टोपी ओढून घेऊ लागलं, आणि दोन दिवसांनी तीच माणसं विचार करून आपापला पवित्रा बदलू लागली. आर्डिसला याची गंमत वाटायची. काळजी होती ती एकाच माणसाची.

एल्व्हेरा सोमवारी सकाळी आली ती फोन न करता, हातात भांडं न घेता, आणि दारातच उभी राहिली.

"तूच का ती?"

"बस आधी."

"बसायला नाही आले. माझ्या बाळंतपणात माझे पाय धरून तू बसली होतीस. तुझ्या नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज मी अजून ओळखेन. तुझी कवळी कुठे लपवलेली असते तेसुद्धा मला माहीत आहे. आणि हे एक मला सांगायचं नाही?"

"अगं, बारा जणांना शब्द दिलाय."

"मी त्या बारा जणांपेक्षा परकी झाले?"

"परकी नाहीस म्हणूनच तुला नाही म्हणता येतंय," आर्डिस म्हणाली. "परक्यांना मी पारा सांगते."

एल्व्हेराचा चेहरा लाल झाला. "मग यंदा तुझ्या पोळ्या त्या पाऱ्यावरच भाजून घे," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

सकाळचा फोन थांबला. आर्डिस आकडा म्हणायची, फोनवर हात ठेवायची आणि काढून घ्यायची. जेवणावळ तोंडावर आली होती. तव्यापाशी उभं राहायला इतर बायका मिळाल्या असत्या; आर्डिसने कोणालाच विचारलं नाही. जेवणावळीची चिंता तिला नव्हतीच. ती जागा दुसऱ्या कोणाला दिली तर एल्व्हेरा कायमची गेली, असं तिला वाटत होतं.

त्यातच हार्लनची बायको मेव्हिस तिच्याकडे येऊन गेली. एल्व्हेराने खिडकीतून पाहिलं. मेव्हिस भांडं घेऊन आत गेली आणि निघताना दारात तिने आर्डिसला मिठी मारली. आमच्याकडे मिठी फारशी कोणी मारत नाही. एल्व्हेराला वाटलं, कळलं. हिने दोषी म्हटलं. म्हणून ती मिठी. मनात चडफडत तिने दुसऱ्या दिवशी दुकानात मेव्हिसला गाठलं.

"तुझ्यापाशी बोलली वाटतं आर्डिस. बरंय, कोणापाशी तरी बोलली."

मेव्हिस पिठाच्या पिशवीवरचा हात न काढता म्हणाली, "मी विचारलंच नाही, एल्व्हेराताई. इतके दिवस ज्यूरीच्या खुर्चीवर बसून त्यांनी माझ्या हार्लनचं सगळं ऐकून घेतलं. तो कसा चालायचा, कसा चिडायचा तेसुद्धा. आता इतकं कोण ऐकतंय त्याच्याबद्दल? मी आभार मानायला गेले होते."

एल्व्हेरा काही न घेताच दुकानातून बाहेर पडली.

लेफ्सा करायच्या दिवशी आर्डिस चर्चच्या तळघरात एकटीच होती. ती एक पोळी लाटायची, पिठाच्या हातांनी तव्याकडे धावायची, परत यायची. तोवर लाटलेली पोळपाटाला चिकटायची आणि तव्यावरची काळी पडायची. धूर जिन्यातून वर चढला. कोट न काढता एल्व्हेरा जिना उतरली, तिने आर्डिसच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि करपलेली पोळी उचलून उजेडात धरली.

"हे काय, छपराची कौलं भाजतेस?"

"तू नव्हतीस."

"मी तुझ्यासाठी नाही आले. मला बटाट्यांची दया आली." तिने कोट काढून खुंटीला लावला. "आणि मी काही विचारणार नाहीये."

"विचारलंस तरी सांगणार नाही."

"म्हणूनच विचारणार नाही. लाट!"

आर्डिसने लाटायला घेतलं. थोड्या वेळाने डोळे पुसायला तिने दंड वापरला, कारण हाताला पीठ होतं. एल्व्हेराने तव्यावरून नजर काढली नाही; पण त्या वेळी तिच्या हातून एक पोळी करपली. पुढे ती कायम म्हणायची की ती पोळी आर्डिसची होती.

जेवणावळीला इतकी गर्दी झाली की पाद्र्यांना रविवारच्या शाळेची बुटकी बाकं आणावी लागली. दोषीवाले आणि निर्दोषवाले गुडघे हनुवटीला लावून शेजारीशेजारी बसले. अशा बाकावर बसून तट राखणं कठीण असतं. ऑर्व्हिलपुढच्या ताटात शेवटचा लेफ्सा उरला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने घाईघाईने अर्धा तोडला, आणि अख्खं तळघर हसलं. सगळ्यांत मोठ्याने आर्डिस हसली.

खटला पुन्हा उभा राहिला नाही. दुसऱ्या परगण्यात पकडलेल्या एका भुरट्या चोराने हार्लनच्या गोदामात शिरल्याची कबुली दिली, आणि मेव्हिसने स्वतः जाऊन ड्युएनला पुन्हा कामावर बोलावलं. त्या अकरांविरुद्धचा तो एक कोण, हे आम्हाला आजही माहीत नाही. तो विषय निघाला की कॅफेतले म्हातारे अजून जागा बदलून बसतात.

एल्व्हेराने न विचारण्याचा शब्द पाळला. फक्त ती अंदाज बांधायची. वाढदिवसाला, नाताळला, कधी मधेच फरसबी मोडताना. "तू त्या अकरांतलीच. तुला एकटीला कुठे काय जमतंय?" आर्डिस हसायची. "नाहीतर तूच ती एकटी. हटवादी मेली." आर्डिस तेवढंच हसायची. वीस वर्षं एल्व्हेरा त्या दोन हसण्यांतला फरक शोधत होती.

आर्डिस शेवटी गावाच्या टोकाच्या शुश्रूषागृहात होती. खोली रस्त्याकडेची, म्हणून ती खूश होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, रात्रभर बर्फ पडून गेल्यावर, एल्व्हेरा तिच्या खाटेशी विणत बसली होती. आर्डिस बराच वेळ खिडकीकडे बघत होती. मग तिने बोट हलवून एल्व्हेराला जवळ बोलावलं.

एल्व्हेराने विणकाम खाली ठेवलं. उठली, दार लोटून आली. वाकून तिने आपला बरा कान आर्डिसच्या तोंडाशी नेला. नंतर ती आम्हाला सांगायची, तेव्हा माझं काळीज असं उडत होतं की वाटलं, हिच्याआधी मीच जाते.

"एल्व्हेरा," आर्डिस म्हणाली, "बर्फ काढायची गाडी आलीये आणि तुझी मोटार तिच्या वाटेत उभी आहे. आधी ती हलव जा."