तुफाहा मावशीचा उपवास

नाईलकाठच्या आमच्या नजलत सुवैफीत तुफाहा मावशीइतके उपवास दुसऱ्या कुठल्या बाईने केले नाहीत, आणि इतके उपवास करून इतकी धष्टपुष्टही दुसरी कोणी राहिली नाही. मी गावचा न्हावी. मुसलमानही माझ्याकडेच येतात, आमचे ख्रिस्तीही. वस्तरा गळ्याशी असला की माणूस खरं बोलतो म्हणतात, पण आमच्या गावात तेव्हाही बोलत नाहीत. हे मला त्या वर्षी कळलं.

सगळं सुरू झालं कबुतरांपासून. मावशीचा नवरा वनीस खजुराच्या फांद्यांचे करंडे बांधायचा. एका पायाने फांदी दाबायची, हाताने पातं मारायचं, बोटांनी भोकं जुळवायची, असं त्याचं काम. त्याच्या डोक्यात आलं, गच्चीवर कबुतरखाना बांधावा. वनीसने आयुष्यात कधी काही सरळ बांधलं नव्हतं. त्याच्या घराची भिंत वाकडी, चूल वाकडी, करंडेसुद्धा जरा तिरकेच. नेमका तो कबुतरखाना मात्र सरळ झाला. उंच, पांढरा, ताठ! दहा गावांतून दिसेल असा.

झालं. गावात उठलं की वनीस सरकारी परवानगीशिवाय चोरून चर्च बांधतोय आणि ते घंटाघर आहे.

"घंटा कुठाय मग?" मी एका गिऱ्हाइकाला विचारलं.

"आत लपवलीय."

"आणि ती कबुतरं?"

"ती वरवर दाखवायला."

यावर काय बोलणार? वेड्याच्या बाजारात शहाण्याला गिऱ्हाईक नाही. पुढच्याच शुक्रवारी भर दुपारी पोरांचा घोळका आला. दगड आले, पेट्रोल आलं. कबुतरखाना जळला, घर जळलं. मावशी कालव्यावर कपडे धूत होती. वनीस आत झोपलेला. शेजारच्या मुसलमान बायांनी हंडे ओतून आग विझवली आणि त्याला ओढून बाहेर काढला, म्हणून तो वाचला. पण उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. अजूनही दाढी करून घेताना तो हात गलाबियाच्या, म्हणजे अंगातल्या लांब झग्याच्या, खिशात घालून बसतो. मला त्या वेळी इतका राग येतो की वस्तरा खाली ठेवावा लागतो.

मावशीने फिर्याद दिली. पोलीस ठाण्याच्या साहेबांनी लिहिलं, 'अज्ञात इसम.' गावात कोणी काही पाहिलं नव्हतं. ज्या बायांनी हंडे ओतले त्यांच्या नवऱ्यांनी सांगितलं, बायांना धुरात काही दिसलं नाही.

मग आमचे ओमदा, म्हणजे गावचे पाटीलच म्हणा, हाजी अब्दुल मुइज पुढे झाले. समेट करू म्हणाले. आमच्याकडची ही जुनी रीत. मेंढा कापायचा, दोन्ही बाजूंनी एका पंगतीला बसायचं आणि ज्याचं नुकसान झालं त्याने पहिला घास घ्यायचा. त्याने हात घातल्याशिवाय कोणी ताटाला शिवत नाही. तो घास एकदा घशाखाली गेला की खटलाही गेला, मग पुन्हा ठाणं नाही, कोर्ट नाही, कुरकुर नाही. फिर्याद मावशीच्या नावावर होती, म्हणून घासही तिनेच घ्यायचा होता.

"मला कोर्ट हवंय," मावशी म्हणाली.

"अगं तुफाहा, कोर्टात काय मिळतं? इथे निदान मटण मिळेल."

वनीसला हे पटण्यासारखं वाटलं. त्याचा मटणावर फार जीव. पण मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाटेवरची चादर नीट करू लागला.

ओमदांना थेट नकार देणं सोपं नव्हतं. आमची घरं, आमची पोरं त्यांच्याच गावात राहायची होती. म्हणून मावशीने मान खाली घातली आणि म्हणाली, "येईन की हाजीसाहेब. पण कुमारी मरियमचा उपवास चालू आहे. मांस, दूध, अंडं काही चालत नाही."

ओमदा मोठ्या मनाने म्हणाले, "मग उपवास सुटू दे."

उपवास सुटला. ओमदांनी शुक्रवार ठरवला. नमाजाला सगळे जमतातच, सोयीचं पडेल. मेंढा आणला, अंगणात बांधला. मावशी म्हणाली, "शुक्रवारी आमचा उपवास." मग रविवार ठरला, तर मावशीचा संत मीनाला बोललेला नवस निघाला. त्यानंतर आला नाताळाचा उपवास. ओमदांनी आता चौकशी केली होती.

"त्यात मासे चालतात! मला फसवू नकोस," ते म्हणाले आणि खास नाईलचे मासे मागवले. बाजार बुधवारी. मासे आले बुधवारी.

"बुधवारी मासेही नाही चालत, हाजीसाहेब," मावशी हळहळून म्हणाली. "किती ताजे आहेत पण!"

पुढे निनवेचा उपवास आला. मागोमाग ईस्टरआधीचा मोठा उपवास, आणि त्यातच रमजान. तेव्हा ओमदाही उपाशी आणि मावशीही उपाशी, रस्त्यात भेटले की दोघं एकमेकांना "देव कबूल करो" म्हणायचे. मेंढा अंगणात खाऊन खाऊन गाढवाएवढा झाला. ख्रिस्ती उपवासांचा त्या मेंढ्याइतका कळवळा गावात दुसऱ्या कोणाला नव्हता. ओमदांना एवढी घाई कशाची, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

शेवटी ओमदांनी आमच्या पाद्रींना, अबूना बिमेन यांना गाठलं. "बाबा, तुमची माणसं कधी जेवतात तरी का?"

अबूना साधा माणूस. विचारलं की सांगून मोकळा. "ईस्टरनंतरचे पन्नास दिवस जेवतात ना. तेव्हा उपवास करायलाच बंदी आहे. नवससुद्धा चालत नाही."

मावशीला हे कळलं तेव्हा ती अबूनांच्या हाताचं चुंबन घ्यायला गेली आणि हात धरूनच म्हणाली, "अबूना, येशूला धरून देणाऱ्याने निदान चांदी तरी घेतली होती. तुम्ही फुकटात?"

अबूनांनी त्या दिवशी माझ्याकडे येऊन विनाकारण केस कापून घेतले.

पंगतीचा दिवस आला. ओमदांच्या अंगणात अख्खा गाव. मधोमध ठाण्याचे साहेब, समेटाचा कागद घेऊन. मोठमोठ्या परातींत फत्ता, म्हणजे पाव-भात रश्श्यात भिजवलेला, त्यावर त्या मेंढ्याचे तुकडे. वास असा की माझ्या शेजारचा म्हातारा डोळे मिटून बसला होता. एरवी बायका अशा पंगतीला नसतात, पण मावशीला मधे बसवली. शेजारी वनीस, हात खिशात.

साहेबांनी कागद वाचला. 'दुर्दैवी घटना घडली. कोणाविरुद्ध तक्रार नाही. क्षमा केली आहे.'

"घे तुफाहा," ओमदा म्हणाले. "आज कुठला उपवास?"

"कुठलाच नाही. भूकही लागलीय." मावशीने बाह्या सरसावल्या. "क्षमाही करायचीय, आमचा धर्मच सांगतो. पण आमच्यात आधी कबुली लागते, हाजीसाहेब. अबूनांना विचारा, त्यांना विचारलेलं सांगायची सवय आहे. ज्याला क्षमा करायची तो उभा राहू दे. म्हणजे मी जेवते."

परातींकडे झुकलेली डोकी मागे झाली.

"सगळ्यांनाच कर की," ओमदा म्हणाले.

"सगळ्यांना? तुम्हीही पेट्रोल आणलं होतं?"

"तोबा, तोबा!"

"मग ज्याने आणलं तो उठू दे. मी थांबते."

आणि ती थांबली. तिने हात मांडीवर ठेवले आणि ताटाकडे बघत बसली. ती घास घेईना म्हणून कोणालाच घेता येईना. ऊन चढलं. रश्श्यावरची चरबी थिजायला लागली. पोरं रडायला लागली, म्हातारे खाकरू लागले. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा मटणाकडे, जरा जास्तच वेळ. ओमदा तिला हळू आवाजात दम देत होते, मग विनवत होते. मावशी "हो हाजीसाहेब" म्हणत होती आणि बसली होती.

शेवटी मागच्या रांगेतून कोणीतरी कळवळून ओरडलं, "अरे शहात, ऊठ की रे बाबा! मटण गार होतंय!"

"ऊठ ना शहात!" दुसरा म्हणाला. "दोन मिनिटांचं तर काम!"

"शहात, पोरांची तरी दया कर!"

चारी बाजूंनी सुरू झालं. ज्यांना धुरात काही दिसलं नव्हतं त्यांना भुकेपोटी स्वच्छ दिसायला लागलं. शहात, आमचा पंक्चरवाला, मान खाली घालून बसला होता. तो लालबुंद होऊन ताडकन उठला.

"मलाच काय म्हणता सगळे? मी एकटा होतो? गलाल नव्हता? पेट्रोल कोणाच्या मोटरसायकलमधलं? त्याच्याच ना!"

गलाल म्हणजे ओमदांचा सख्खा पुतण्या. ओमदा मटकन खाली बसले, आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"साहेब," मावशी म्हणाली, "तुम्ही म्हणत होतात, साक्षीदार नाही. आता अख्खं गाव आहे. लिहा."

साहेबांनी एकदा ओमदांकडे पाहिलं, एकदा एवढ्या माणसांकडे. मग समेटाचा कागद उलटा केला आणि लिहायला लागले.

"आणि क्षमा?" शहातने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता त्याचा. "मी उभा राहिलोय ना, मावशी."

"करीन. माझं काम मी करीन, जजसाहेबांचं काम ते करतील. माझ्या क्षमेने त्यांचं काम बंद पडायचं नाही."

"आम्हाला माहीत नव्हतं गं, काका आत आहेत ते! घर रिकामं आहे असं वाटलं होतं. देवाशप्पथ!"

मावशीने वनीसचं मनगट धरलं आणि त्याचा हात खिशातून बाहेर काढून परातीशेजारी ठेवला. तो आक्रसलेला हात तेव्हा पहिल्यांदा गावाने नीट पाहिला. वनीस ओढून घ्यायला लागला, तिने घेऊ दिला नाही.

"माहीत असतं तर?" तिने विचारलं.

शहातने नजर त्या हातावरून काढून साहेबांच्या कागदाकडे वळवली. साहेबांची लेखणी थांबली.

"लिहा ना साहेब," मावशी म्हणाली. "तो काय म्हणतो ते लिहा. मी बसलेय."