वीस नव्हे, चौतीस

"आडनाव काय म्हणालात?"

खाटेवरच्या आजींनी विचारलं तेव्हा माझी तीन बोटं त्यांच्या मनगटावर होती. नाडी मोजत होते, नजर घड्याळावर. मधे बोललं की आकडा चुकतो. तरी सांगितलं.

"कुठल्या?"

"मांजरीच्या."

"घरी गणपती बसतो का?"

"नाही. आमच्याकडे बुद्धवंदना असते."

आजींनी हात काढून घेतला. हिसका नाही, ओढाताण नाही. सावकाश, चादरीखाली. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या ट्यूटर मॅडमना गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, ह्यांना राहू दे. मघाची ती केतकी आहे ना, तिला पाठवा. हिचा हात गार लागतो हो."

एका दमात माझी 'ह्यांना'वरून 'हिचा'वर घसरण झाली.

नर्सिंगचं पहिलं वर्ष. बिबवेवाडीतलं खासगी हॉस्पिटल, हाडांचा बायकांचा वॉर्ड. आम्ही केतकी धरून सहा विद्यार्थिनी, आणि आम्हाला शिकवायला, आमच्यावर लक्ष ठेवायला या ट्यूटर मॅडम. आजी घरात पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस होता. एप्रिलचं ऊन खिडकीत उभं होतं. मी पॅसेजमध्ये जाऊन माझा हात माझ्याच मानेला लावून पाहिला. गार नव्हता. तो लावून पाहिला याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

मॅडम मागून आल्या. आजींना त्या काही बोलल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "पेशंटचं समाधान पहिलं. तू आजपासून बेडपॅन घे. बेसिक पक्कं होईल."

बेसिक पक्कं झालं. अर्ध्या तासाने त्याच आजींना बेडपॅन लागलं. मीच दिलं. त्यांच्या कमरेखाली हात घालून त्यांना उचललं, पुसलं, कोरडं केलं, चादरीची सुरकुती काढली. तेव्हा माझा हात गार लागला नाही. नाडीला न चालणारा हात तिथे चालला.

कुणी जातीचा शब्द काढला नव्हता. हीच तर खरी मेख. शिवी दिली असती तर तोंडावर फेकता आली असती. इथे सगळं "अहो", "हो", "राहू दे". रात्रभर मी स्वतःशीच भांडले. मी साप साप म्हणून भुई धोपटतेय का? म्हातारं माणूस, ऑपरेशनचं दुखणं, असेल एखादीचा हात आवडत. मग मागच्या दोन आठवड्यांच्या ड्यूट्या आठवायला लागले. बेडपॅन कोणाला? मला आणि लातूरकडच्या एका मुलीला. इंजेक्शन भरायला कोण? केतकी. डॉक्टरांच्या राउंडला फाईल घेऊन कोण? केतकी. कधी मी? एकदा, केतकीला ताप होता तेव्हा.

त्यानंतर मला सगळ्याचाच संशय यायला लागला. कुणी डबा उघडून "घे ना" म्हणालं तरी मी आधी तिचा चेहरा बघायचे. मॅडम हसल्या की वाटायचं, आता काहीतरी माझ्या गळ्यात पडणार. असं जगणं चांगलं नसतं, मला कळतं. पण मला ते शिकवलं कुणी?

आता वॉर्डातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास दर चार तासांनी मोजून तक्त्यावर लिहायचे, हा नर्सिंगचा श्रीगणेशा. पुस्तकात लिहिलंय, श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. आणि पेशंटला कळू न देता मोजा, कारण कळलं की माणूस श्वास बदलतो. पहिल्या परीक्षेत मी हे उत्तर लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. वॉर्डात मात्र ताप बघायचे, नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे, आणि श्वास? श्वासाच्या रकान्यात टेबलाशी बसूनच सगळ्या खाटांना वीस, वीस, वीस. वॉर्डातल्या सगळ्या बायका कवायत केल्यासारख्या एका तालात श्वास घेत होत्या. सही ड्यूटी संपताना, सगळ्या ओळींवर एकदम. सगळ्यांना हे माहीत होतं, मॅडमनाही. मीही आधी दोनदा तसंच वीस लिहिलं होतं. खोटं कशाला बोलू?

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी सकाळी सव्वाअकरा वाजता आजींनी बेडपॅन मागितलं. मी गेले. उचलताना त्या बोलल्या नाहीत. एरवी "हळू गं, मेले" असं काहीतरी असायचंच. कपाळावर घाम. छातीवरची चादर भराभर वर-खाली होत होती. नखं बघितली, निळसर.

माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते. आलं, केतकीला बोलवा की आता. तिचा हात ऊबदार आहे.

एवढं मनात आलं. मग पायथ्याचा तक्ता बघितला. दहा वाजताची ओळ, केतकीचं वळणदार अक्षर. श्वास वीस. मी घड्याळ समोर धरलं आणि चादरीकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. दया आली म्हणून नाही. त्या तक्त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता म्हणून. चौतीस. पुन्हा मोजलं. चौतीस.

पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून मी मॅडमकडे धावले. "मॅडम, चार नंबरच्या आजींचा श्वास चौतीस आहे."

मॅडमनी जागेवरूनच मान वळवली. "दहाला वीस होता."

"आत्ता चौतीस आहे. नखं निळी पडलीत. तुम्ही मोजा."

"मला शिकवू नकोस. तुला तिथे बेडपॅनला पाठवलं होतं."

पलीकडे औषधं काढत असलेल्या वॉर्डच्या सिस्टरनी एवढं ऐकलं. त्या उठल्या, खाटेपाशी गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "ऑक्सिजन! डॉक्टरांना बोलवा!" दहा मिनिटांत आजी आयसीयूमध्ये होत्या. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली होती.

आजी वाचल्या. ते आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट त्याची नाही.

दुपारी आजींचा मुलगा आला. शांत आवाजात विचारू लागला, सकाळपासून कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? तक्ता दाखवा. मॅडमनी त्याला पाच मिनिटं बसायला सांगितलं आणि मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. तिथे केतकी उभी होती. मॅडमच्या हातात तो तक्ता आणि पेन. दहाच्या ओळीत सहीचा रकाना रिकामा होता. ड्यूटी संपली नव्हती ना.

"सही कर इथे," मॅडम म्हणाल्या.

"ही नोंद माझी नाही."

"अगं, त्या खाटेशी सकाळपासून तूच होतीस. तू नवीन आहेस, शिकताना होतं असं. तुला कुणी काही म्हणणार नाही. केतकीचं रेकॉर्ड चांगलं आहे, ते कशाला खराब करायचं?"

म्हणजे नाडीला माझा हात नको, आणि खोट्या नोंदीखाली सही करायला तोच हात हवा. त्या क्षणी माझा सगळा संशय संपला. एवढे दिवस वाटत होतं, माझ्या डोक्यातच काहीतरी आहे. नव्हतं. ते समोर उभं होतं, पेन पुढे करून.

मी केतकीकडे बघितलं. ती मिठाची गुळणी धरून उभी. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

मी पेन घेतलं. दहाची ओळ सोडून खालच्या ओळीत लिहिलं: सव्वाअकरा, श्वास चौतीस, नखे निळसर, मॅडमना सांगितले. पुढे माझी सही, पूर्ण नावाची. तक्ता मॅडमच्या हातात दिला.

"याचे परिणाम माहीत आहेत तुला?"

मला माहीत नव्हते. खरंच नव्हते. त्या मुलाला तक्ता दाखवला का, तेही कुणी सांगितलं नाही. घरी आईला सांगितलं. आई दिवसभर नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरते. ती हातातली भाकरी खाली ठेवून म्हणाली, "सही करून मोकळी व्हायचं होतंस गं. त्यांच्याशी वैर धरून आपल्याला कोन हाय? काढून टाकलं मंजी?" मला राग आला, मग रडू आलं. तिचं भय खोटं नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेलं पत्र तयार होतं. परवानगीशिवाय पेशंटची तपासणी केली आणि वरिष्ठांशी उद्धटपणे बोलले, याबद्दल दिलगीर आहे. खाली माझं नाव. मॅडम बाजूच्या खुर्चीत बसल्या होत्या. हसत होत्या.

मी पत्र दोनदा वाचलं आणि परत ठेवलं. "श्वास मोजायला परवानगी लागते, असं कुठल्या पुस्तकात आहे मॅडम?"

"वाद नको," प्राचार्या म्हणाल्या. "सही करून विषय संपव."

"नाही करणार. मला शिक्षा करायची असेल तर करा. पण कारण लेखी द्या. चौतीसला चौतीस लिहिलं, हे कारण. आणि उद्यापासून बेडपॅनची ड्यूटी रोल नंबरने लावा, सहाही जणींना."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"विचार कर," त्या म्हणाल्या. "तुला अजून अडीच वर्षं इथेच काढायचीत."

"हो मॅडम," मी म्हणाले. "इथेच काढणार आहे. आणि मोजूनच लिहिणार आहे."