सात नंबरची फांदी

देवमनकाकांबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. आज मी अमरावतीच्या या कॉलेजात शिकवते ती त्यांच्यामुळे. त्यापायी त्यांचं काय गेलं, तेही मीच पाहिलंय.

काका आमचे लॅब अटेंडंट. गाव शेंदूरजनाघाट, घरची संत्र्याची बाग. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी पहिल्या एसटीनं यायचे, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या ताज्या फांद्या. टेबलावर नंबर लावून पंचवीस नमुने मांडायचे आणि मुलं घंटीसरशी पुढे सरकत एकेकाचं नाव लिहायची. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एकही नमुना चुकला नव्हता. विभागप्रमुख गीतांजली मॅडम चारचौघांत तसं सांगायच्या, तेव्हा काका लाजून उगाच बाटल्या पुसत बसायचे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि काकांच्या नोकरीचंही ते शेवटचंच वर्ष. त्यांचा जीव लॅबमध्ये अडकलेला. आणखी दोन वर्षं कंत्राटावर ठेवा, असा अर्ज त्यांनी दिला होता आणि मॅडमनी त्यावर शिफारस केली होती. काका दर दोन दिवसांनी विचारायचे, "मॅडम, आपल्या कागदाचं काई समजलं काय?"

परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून अकोल्याचे एक सर आले. यादीप्रमाणे सात नंबरला संत्र्याची फांदी होती. एकोणचाळीस जणांनी संत्रा लिहिलं, मी लिहिलं जंबेरी.

आता मी चांदूर बाजारच्या शेतकऱ्याची पोर. आमच्याकडे संत्रा आपल्या मुळावर उभा नसतो, जंबेरी या आंबट लिंबाच्या रोपावर त्याचा डोळा बांधून कलम करतात. त्या सांध्याखालून फूट आली तर ती जंबेरीची, काटेरी, आणि पान चुरगाळलं की लिंबासारखा वास मारणारी. असल्या फुटी छाटताना लहानपणी हात ओरबाडून घेतलेत मी, मला काय कोणी शिकवायचं!

तोंडी परीक्षेत सरांनी माझा पेपर पुढे ओढला. "सात नंबरला हे काय लिहिलंस?"

"जंबेरीच आहे सर."

"चाळीस जणांत तू एकटीच शहाणी का?"

गप्प बसावं ना! पण आमची जीभ. "एकोणचाळीस जणांनी पान हुंगलं नाही सर."

सरांचे कान लाल झाले. मॅडमनी हातातल्या यादीत पाहिलं. सात, संत्रा. त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं. एम.एस्सी.ची यादी पॉइंटवर अडते आणि माझं सगळं त्या एका परीक्षेवर होतं. सरांनी पेन उचललं, मग काय वाटलं कोण जाणे, मागे वळले.

"काका, फांदी तुम्हीच आणली ना? कशाची आहे?"

काकांनी 'संत्रा' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. यादी त्यांच्या बाजूनं, एकतीस वर्षं त्यांच्या बाजूनं, आणि मी एक आगाऊ पोरगी. त्यांनी फांदी उचलली, अगदी नाकाला टेकेपर्यंत डोळ्यांजवळ नेली. एक पान चुरगाळलं. त्यांचा चेहरा उतरला.

"पोरगी बरोबर हाये सर. चूक माही हाये. सांध्याखालची फूट तोडून आणली मी. मले आताशा नीट दिसत नाई."

"काका, अहो..." मॅडम पुटपुटल्या. त्यांना तो अर्ज आठवला असणार.

"नाई मॅडम. लेकराचे मार्क काहून जावे?"

सरांनी मला पूर्ण गुण दिले, बाकीच्यांचेही कापले नाहीत. माणूस वाईट नव्हता. पण काकांच्या डोळ्यांची गोष्ट ऑफिसात पोचायला कितीसा वेळ लागतो? ज्याला दिसत नाही त्याच्या हाती ॲसिडच्या बाटल्या कशा द्यायच्या, असं ठरलं आणि अर्ज परत आला. मी लॅबच्या दारात हुंदके देत उभी, तर तेच मला समजावतात, "अवं पोरी, रडून काहून राहिली? बाग हाये ना माही!" बोलताना हात मात्र टेबलावरून फिरत होता.

आता टेबल मी मांडते. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. दरवर्षी परीक्षेआधी मी त्यांच्या बागेत जाते आणि सांध्याखालची एक फूट मुद्दाम मागून आणते. सात नंबरला तीच ठेवायची, हा माझा नियम. बहुतेक वर्षी सगळे संत्राच लिहितात.

यंदा परीक्षेच्या संध्याकाळी काकांना फोन केला. "काका, या वर्षी तिघांनी जंबेरी ओळखली."



"तिघं? मंग चूक वाया नाई गेली म्हना माही," काका म्हणाले. "थांबा मॅडम, पेन घेतो. नावं सांगा बरं त्याईचे."