देवी काढलेलं बाळ

स्पिरिटचा वास आला की आखातातल्या अल कुसैसमधलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. क्लिनिकची साफसफाई करून बाबा नुकतेच आले होते आणि मी कॉलेजचं पहिलं प्रेझेंटेशन त्यांना मराठीत सांगत होते: व्हिक्टोरिया राणीच्या काळात सरकारी सक्तीनं देवी काढल्यावर, म्हणजे देवीची लस टोचल्यावर, एक बाळ गेलं, आईनं सरकारला जाब विचारला, तर चौकशी टोचणाऱ्या डॉक्टरकडेच दिली. "म्हणजे खलास!" आई पोळी लाटता लाटता म्हणाली. बाबा हसले नाहीत. दंडावरचा वण चोळत म्हणाले, "तिनं विचारलं तरी. आमची धाकटी बहीण देवी काढल्यावर आठवड्यात गेली. कशानं, ते आम्ही कुणाला विचारणार?" मला एक आत्या होती, हे मला तेव्हा कळलं. प्रेझेंटेशन बहुतेक बरं झालं. आत्याचं नाव मात्र मी बाबांना अजून विचारू शकलेले नाही.