मावशीनं उतरवलेला फोटो

मावशी रागावली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. मिरजगावच्या हायवेवरचे हॉटेलवाले त्या हळू आवाजाला टरकून असत. त्यांच्याकडचं वडे-भजी तळून काळं पडलेलं तेल ती मागून आणायची आणि मेणबत्त्या करायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती आमची शेजारीण.

तेल फडक्यातून गाळायचं, तापवून त्यात मेण विरघळवायचं, वात सोडलेल्या काचेच्या ग्लासात ओतायचं. बुद्धपौर्णिमेला विहारात याच मेणबत्त्या. वासानं मी नाक मुरडलं की म्हणायची, "तुला वास सोसंना, आन् पोरांच्या पोटात गेलेलं चालतं व्हय?"

एका हॉटेलमालकानं तिच्यासोबत फोटो काढून गल्ल्यामागे टांगला. खाली लिहिलं, 'आम्ही तेल पुन्हा वापरत नाही.' मावशीला कोण आनंद! मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. मागच्या दारी तेल घ्यायला गेलो, तर शाळेसमोरचा वडेवाला तिथल्याच काळ्या तेलाचे दोन डबे सायकलला बांधत होता. "इकत घेतो की रोज," तो सहज बोलून गेला. मावशीला मिळायचं ते दाखवण्यापुरतं.

ती तशीच आत गेली. हॉटेल भरलेलं होतं.

"मालक, भिंतीवरनं माजा फोटो काढा."

"मावशी, गिऱ्हाईक जेवतंय. नंतर बोलू."

"जेवनाऱ्यांनाच सांगते. ह्यांचं जळकं तेल शाळंपुढं जातंय. माज्या तोंडावर ह्यो धंदा चालायचा न्हाई."

मालक हसला. जेवणारे ताटात बघत राहिले. मावशीनं स्टूल ओढलं, वर चढून फोटो उतरवला. तो काखेत मारून ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवसापासून हायवेवरच्या एकाही हॉटेलानं तिला तेल दिलं नाही. तक्रार द्यायला ती नगरला जाऊन आली. तपासायला कुणी फिरकलं नाही. हॉटेल मात्र तसंच भरलेलं. माझा नवरासुद्धा चहाला तिथंच जायचा. त्यावरून आमच्या घरात भांडणं झाली, आणि ती झाली याचं मला आजही वाईट वाटत नाही.

गेल्या थंडीत मावशी गेली. जलदानविधीला तो मालक भलामोठा हार घेऊन आला. "मावशी आमच्या घरातलीच होती," म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मावशीची लेक उठली. "हार परत न्या. माझ्या आईला घालायचा नाही."

मालकानं सगळ्यांकडे पाहिलं. माझा नवरा उठला. आता हा त्याला बसायला सांगणार, असं मला वाटलं.

त्यानं मालकाला दाराकडे हात केला.